व्हेस्टी, फ्रेडरिक

व्हेस्टी, फ्रेडरिक : (१३ जानेवारी २००२– ). डॅनिश मोटार-शर्यतपटू. युरोपातील कनिष्ठ गटांच्या एकआसनी गाड्यांच्या शर्यतींत पुढे आला. फॉर्म्युला वनच्या लगेच खालची पायरी असलेल्या फॉर्म्युला २ मालिकेत २०२३ साली उपविजेता. त्यानंतर दीर्घपल्ल्याच्या स्पोर्ट्‌सकार शर्यतींकडे वळला.

कार्टिंग व डेन्मार्कमधील प्राथमिक शर्यतींनंतर तो जर्मनीच्या फॉर्म्युला ४ मालिकेत उतरला. तेथे २०१८ साली व्हॅन अमर्सफोर्ट संघाकडून त्याने चौथे स्थान मिळविले. पुढच्याच वर्षी इटलीच्या प्रेमा संघातून तो ‘फॉर्म्युला रीजनल युरोपियन’ मालिकेचा विजेता ठरला. त्याचा संघसहकारी एन्झो फित्तिपाल्दी दुसरा आला.

या विजेतेपदाचे स्थान नेमके कोणते, याविषयी नोंदींमध्ये एकवाक्यता नाही. २०१९ मध्ये युरोपात एकाच पायरीवर दोन मालिका समांतर चालत होत्या. एक आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नव्या ‘रीजनल’ नियमावलीखाली इटलीतून चालविलेली, तर दुसरी जुनी, प्रतिष्ठित फॉर्म्युला रेनॉ युरोकप. दोन्हींत ततूस कंपनीचा टी-३१८ हाच सांगाडा वापरला जाई. इंजिने मात्र वेगळी होती. इटालियन मालिकेत अल्फा रोमिओचे, तर युरोकपमध्ये रेनॉचे टर्बो इंजिन असे. त्या वर्षी युरोकप ऑस्ट्रेलियाच्या ऑस्कर पियास्ट्रीने जिंकला. २०२१ मध्ये दोन्ही मालिका एकत्र झाल्या. नाव इटालियन मालिकेचे राहिले, इंजिन रेनॉचे आले. त्यामुळे काही याद्या एकत्रित मालिकेची गणना २०२१ पासून करतात, तर काही व्हेस्टीला तिचा पहिला विजेता मानतात. नाव व नियमावली यांचे सातत्य पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र २०१९ मध्ये इटालियन मालिकेत स्पर्धकांची संख्या बेताचीच होती आणि खरी चुरस युरोकपमध्ये होती, हा आक्षेपही दुर्लक्षिता येत नाही. २०२० मध्ये व्हेस्टी व पियास्ट्री हे दोघे विजेते प्रेमाच्या फॉर्म्युला ३ संघात एकत्र आले. पियास्ट्रीने ती मालिका जिंकली, व्हेस्टी चौथा राहिला.

२०२१ च्या आरंभी मर्सिडीजने त्याला आपल्या कनिष्ठ चालक योजनेत घेतले. त्या वर्षी एआरटी संघाकडून फॉर्म्युला ३ मध्ये तो पुन्हा चौथा आला. २०२२ मध्ये त्याच संघातून फॉर्म्युला २ मध्ये आल्यावर त्याने बाकू येथील स्प्रिंट (कमी पल्ल्याची) शर्यत जिंकली व एकूण क्रमवारीत नववा आला.

२०२३ मध्ये तो प्रेमाकडे परतला. आदल्या वर्षी या संघात असलेला मुंबईचा जेहान दारूवाला तेव्हा एमपी मोटरस्पोर्टकडे गेला होता. या हंगामात व्हेस्टीने सहा शर्यती जिंकल्या. जेद्दा व मोनॅको येथील मुख्य शर्यती त्यांत येतात. विजेता तेओ पूर्शेर याने मात्र वर्षभरात एकच शर्यत जिंकली होती. अखेरचे गुण २०३ विरुद्ध १९२ असे होते. यावरून व्हेस्टीवर अन्याय झाल्याचा सूर काढला जातो. गुणपद्धती पाहिल्यास तो टिकत नाही. मुख्य शर्यतीतील विजयास २५ गुण मिळतात आणि स्प्रिंटमधील विजयास अवघे १०. शिवाय स्प्रिंटसाठी पात्रता फेरीतील पहिल्या दहा जणांचा क्रम उलटा लावला जातो, म्हणजे दहाव्या क्रमांकाचा चालक सर्वांत पुढे उभा राहतो. अशा रचनेत विजयांची नुसती बेरीज फसवी ठरते. मुख्य शर्यतींत सातत्याने वरचे क्रमांक मिळविणाऱ्याचे पारडे जड होते. स्पा येथे मुख्य शर्यतीपूर्वी गाडी प्रारंभरेषेकडे नेतानाच व्हेस्टीचा अपघात झाला व तो शर्यत सुरू होण्याआधीच बाद झाला. अंतिम फरक ११ गुणांचा असल्याने ही एक घटना कोणत्याही सूत्राइतकीच निर्णायक मानावी लागते.

उपविजेतेपदामुळे फॉर्म्युला वनच्या परवान्याला लागणारे, मालिकेतील क्रमांकानुसार वेगळे दिले जाणारे ४० गुण त्याला मिळाले, पण जागा मिळाली नाही. २०२३ अखेरचे वीसच्या वीस चालक २०२४ च्या आरंभी कायम राहिले. पूर्शेरचीही तीच गत झाली. मेक्सिको व अबू धाबी येथील सराव सत्रांत २०२३ मध्ये मर्सिडीजची गाडी चालविल्यानंतर व्हेस्टी त्या संघाचा राखीव चालक झाला. २०२५ साठी रिकामी झालेली जागा किमी अँटोनेली याला देण्यात आली.

डेन्मार्कमध्ये स्पोर्ट्‌सकारकडे वळणे ही पदावनती समजली जात नाही. जॉन नीलसनने १९९० मध्ये जग्वारमधून फ्रान्समधील ल माँ ही चोवीस तासांची शर्यत जिंकली, टॉम क्रिस्टेन्सनने ती विक्रमी नऊ वेळा जिंकली आणि २०२४ मध्ये निकलास नीलसन फेरारीच्या विजयी चमूत होता. त्याच वर्षी व्हेस्टी कूल रेसिंगच्या एलएमपी२ या दुय्यम वर्गातील गाडीतून ल माँमध्ये उतरला. २०२५ पासून तो अमेरिकेतील ॲक्शन एक्सप्रेस संघाची कॅडिलॅक व्ही-सिरीज.आर चालवितो. दलारा सांगाडा, टर्बोविरहित ५.५ लिटरचे व्ही८ इंजिन आणि ‘एलएमडीएच’ या नियमावलीखालील सर्व गाड्यांना समान असलेली संकरित विद्युत यंत्रणा अशी तिची रचना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जॅक एटकेन व अर्ल बॅम्बर यांच्यासह त्याने रोड अटलांटा येथील दहा तासांची पेटिट ल माँ शर्यत जिंकली.