मिनी मोटारसायकलची घरगुती बांधणी (खानदेश)

चाके लहान, चाकांमधले अंतर आखूड, बैठक कमी उंचीची आणि तरीही खरे इंजिन, साखळी व ब्रेक असलेली दुचाकी म्हणजे मिनी मोटारसायकल. अशी जुन्या धाटणीची गाडी घरच्या पडवीत, खळ्यात किंवा ओळखीच्या गॅरेजात बांधणे, अथवा मूळची जुनी छोटी गाडी उघडून ती पुन्हा उभी करणे, हा छंद जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतही जोपासता येतो आणि त्याला लागणारे बहुतेक सामान तिथेच मिळते. यात धातुकाम आणि इंजिनाची जाण लागतेच, पण त्याआधी मोजमाप लागते. मापे न घेता कापाकापीला सुरुवात केलेल्या गाड्या बहुधा अर्धवट पडून राहतात.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हवाई छत्रीने खाली सोडण्याजोगी ‘वेलबाइक’ ही घडीची गाडी बनवली. तिला ९८ सीसीचे व्हिलियर्स इंजिन होते. युद्धानंतर अमेरिकेत गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन, वाकवलेले पाइप व आपोआप पकडणारा क्लच एकत्र करून घरोघरी मिनी बाइक तयार होऊ लागल्या. होंडाने १९६१ मध्ये तोक्योजवळच्या तामा टेक या करमणूक उद्यानासाठी ४९ सीसीची झेड १०० ही गाडी केली. तिच्यापासून पुढे ‘मंकी’ या नावाने प्रसिद्ध झालेली मालिका सुरू झाली आणि १९६७ ची झेड ५० एम ही तिच्यातली महत्त्वाची पायरी ठरली. भारतात या घाटाची गाडी लोकांच्या मनात भरली ती एस्कॉर्ट्सच्या राजदूत जीटीएस १७५ मुळे. १९७३ च्या ‘बॉबी’ या हिंदी चित्रपटात ती दिसली आणि जुन्या पिढीच्या तोंडी तिचे नावच ‘बॉबी राजदूत’ झाले. तिचे १७३ सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन खेड्यापाड्यांत धावणाऱ्या साध्या राजदूतच्या घराण्यातलेच होते, त्यामुळे तिच्या इंजिनाचे काम करणारे मिस्तरी अजूनही सापडतात. कायनेटिकची ५० सीसीची लुना १९७२ मध्ये आली. ती मोपेड असली, तरी तिचे हलके सुटे भाग छोट्या गाडीच्या बांधणीत उपयोगी पडतात.

खानदेशातील परिस्थिती : मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकदुरुस्ती, वेल्डिंग व लेथकाम यांचा जम तिथे जुना आहे. भुसावळला रेल्वेची कार्यशाळा व आयुध निर्माणी असल्याने मायक्रोमीटर हाताळलेले फिटर आणि टर्नर या परिसरात घरोघरी आढळतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप व ठिबक सिंचनाच्या उद्योगाभोवती साचे व यंत्रभाग घडवणारी छोटी वर्कशॉपे वाढली आहेत. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात शेतीची अवजारे गावातच बदलून घेण्याची रीत आहे. जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर कोळपणीचे यंत्र चालवणाऱ्या शेतकऱ्याला छोट्या गाडीची बांधणी परकी वाटत नाही. शहरातल्या हौशी माणसाला सुटा भाग परगावाहून मागवावा लागतो, इथे तो शेजारच्या लेथवर करून मिळतो. खानदेशाचे हे बलस्थान पुरेसे ओळखले गेलेले नाही.

इंजिनाची निवड : नव्याने बांधायच्या गाडीसाठी सर्वांत समंजस निवड म्हणजे हिरो होंडा सीडी १०० किंवा स्प्लेंडर यांचे ९७.२ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन. याचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो आणि होंडाच्या कब व मंकी गाड्यांची इंजिनेही याच रचनेची असतात. आडव्या सिलिंडरमुळे इंजिनाची उंची कमी भरते, त्यामुळे टाकी खाली आणता येते आणि लहान गाडीचा तोल बिघडत नाही. शिवाय रिंग-पिस्टनपासून क्लचप्लेटपर्यंतचे सुटे भाग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात. राजदूत किंवा येझदीचे दोन-स्ट्रोक इंजिन आवाजाला आणि जुन्या रूपाला अधिक शोभते हे खरे, पण ते उंच व जड असल्याने छोट्या सांगाड्यात बसवणे अवघड जाते. भंगारातून इंजिन घेताना किक हळूहळू दाबून दाब जाणवतो का ते पाहावे. क्रँकला वर-खाली खेळ असेल, तर स्वस्तातले इंजिनही शेवटी महागच पडते. सिलिंडर झिजलेला असेल, तर पाव मिलिमीटरच्या टप्प्याने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवून त्या मापाचा पिस्टन बसवतात. आधी पिस्टन हातात घ्यावा आणि मगच त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा.

सांगाडा आणि हँडलची भूमिती : घरगुती बांधणीतील बहुतेक अपघात या भागातून उद्भवतात, म्हणून त्याचा विचार इतर कशाहीपेक्षा जास्त करावा लागतो. हँडलचा दांडा मागे कललेला असतो. त्याची रेषा पुढे वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या पुढे जमिनीला मिळते आणि या दोन बिंदूंमधल्या अंतरामुळे गाडी सरळ धावते. याला ट्रेल म्हणतात. पुढचा टी, म्हणजे दोन्ही फोर्क धरणारा भाग, जशाच्या तसा ठेवून १८ इंची चाकाच्या जागी १० इंची चाक लावले, की हे अंतर एकदम घटते. हँडलचा कल २६ अंश आणि टीचा पुढे आलेला भाग ५० मिमी. धरला, तर १८ इंची चाकाने ट्रेल सुमारे ९३ मिमी. मिळतो व १० इंची चाकाने केवळ ४९ मिमी. उरतो. अशी गाडी गावातल्या बोळात मजेची वाटते, पण ४० किमी.च्या वेगाला एखादा खड्डा लागताच हँडल दोन्ही बाजूंना झटके देऊ लागते. यावर उपाय म्हणजे लेथ व ड्रिलवर नवा टी करून फोर्क मागे घेणे. पुढे आलेला भाग ३० मिमी.वर आणला, की ट्रेल पुन्हा ७० मिमी.च्या पुढे जातो. कागदावर हा हिशेब करायला अर्धा तास लागतो.

सांगाड्यासाठी २५ मिमी. व्यासाचा आणि दोन-अडीच मिमी. जाडीचा काळा पोलादी पाइप घ्यावा. खानदेशात शेतात जुने जस्तलेपित पाइप मुबलक पडलेले असतात आणि ते वापरण्याचा मोह होतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो, तो छातीत गेला की ताप येतो आणि सांध्यातही बारीक छिद्रे राहून वेल्ड कमजोर होतो. सांगाडा हवेत धरून जोडू नये. जड सी-चॅनेलचा सपाट पाट करून त्यावर मागच्या चाकाचा धुरा, इंजिनाचे बोल्ट व हँडलची नळी यांच्या जागा पक्क्या कराव्यात, मधोमध दोरी ताणून ओळंबा सोडावा आणि आधी सगळीकडे फक्त टाके घालावेत. पूर्ण वेल्ड करताना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे आलटून पालटून जावे लागते, कारण थंड होताना धातू आकसतो व सांगाडा एका अंगाला ओढला जातो. हँडलच्या नळीत तर वेल्डच्या वेळी आतून घट्ट बसणारा भरीव गज ठेवावाच लागतो. तो नसला, तर नळी अंडाकृती होते, कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या, वाट्या नीट बसत नाहीत आणि हँडल एका जागी अडखळते. ही अडखळण बोटांना जाणवते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पुढचे चाक उचलून, हँडल दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय रंगाचा विचार करू नये.

चाके, साखळी आणि ब्रेक : बजाज चेतकच्या पिढीतील स्कूटरचे ३.५०-१० मापाचे टायर आणि दोन भागांची रिम स्वस्तात मिळते व जुन्या छोट्या गाडीच्या रूपाला ती चांगली शोभते. स्कूटरचे चाक मात्र एका बाजूनेच ड्रमला बोल्टने आवळलेले असते, म्हणून त्यासाठी आरपार धुरा, दोन बेअरिंगे व साखळीचे चक्र बसेल असा हब लेथवर करून घ्यावा लागतो. १८ इंची चाकाचा परीघ १.९ मी.च्या आसपास आणि या चाकाचा १.३५ मी. असल्याने इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत गाडीचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. मागे ४२ दाती चक्र असेल, तर मूळ वेग मिळवायला ते ३० दात्यांच्या जवळ आणावे लागते. एवढे खाली जावेच असे नाही. आखूड गाडीत पहिल्या गिअरला पुढचे चाक सहज उचलले जाते, तेव्हा ३४ ते ३६ दात्यांवर थांबणे शहाणपणाचे ठरते. पुढचे व मागचे चक्र एका रेषेत आहे का, हे सरळ पट्टी लावून तपासतात.

ड्रम ब्रेकच्या प्लेटला सांगाड्याशी जोडणारी पट्टी असते. ती विसरली किंवा पातळ पत्र्याची केली, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जाम होते. ही पट्टी जाड लोखंडाची असावी आणि तिच्या बोल्टला पिन घालावी.

कार्बोरेटर, उष्मा आणि इथेनॉल : खानदेशात मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर हिवाळ्यात धुळ्याकडे पहाटे १० अंशांच्या खाली उतरतो. या दोन टोकांमध्ये हवेच्या घनतेत सुमारे ११ टक्क्यांचा फरक पडतो. हवा तापून विरळ झाली, की साध्या कार्बोरेटरमध्ये इंधनाचे प्रमाण वाढते. उन्हाळ्यात गाडी जास्त पेट्रोल मागते ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. दुसऱ्या बाजूने आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास पुरते, म्हणजे जुन्या जेटमधून, कार्बोरेटरमधल्या इंधन सोडणाऱ्या बारीक भोकातून, येणारे इंधन हवेच्या मानाने तोकडे पडते. मेमध्ये हे दोन परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी झाकतात आणि गाडी छान चालते. तीच गाडी डिसेंबरच्या पहाटे शेताकडे नेली, की दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात आणि दोन-स्ट्रोक इंजिन असेल तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकण्याची वेळ येते. म्हणून मेन जेटची जुळवणी थंडीत करावी, एक-दोन माप मोठा जेट लावून पाहावा आणि जोरात चालवून लगेच इंजिन बंद करून प्लग काढावा. प्लगचे टोक तपकिरी असेल तर जेट योग्य, पांढुरके असेल तर मिश्रणात इंधन कमी पडते. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे हे त्या गाडीच्या पुस्तिकेनुसारच ठरवावे. जास्त ऑइल घातल्याने इंजिन अधिक सुरक्षित राहते असे नाही, कारण तेवढ्याने पेट्रोलचा वाटा घटतो. जुन्या कार्बोरेटरचे रबरी वायसर व नळ्या इथेनॉलने फुगतात, त्या बदलून घ्याव्यात. पावसाळ्यात अर्धी टाकी भरून गाडी उभी ठेवू नये, कारण इथेनॉल ओलावा ओढून घेते, साचलेले पाणी खाली बसते आणि टाकी आतून गंजते.

टाकीला भोक असेल, तर पितळी झाळ मारण्यापूर्वी ती धुऊन काठोकाठ पाण्याने भरावी व दुरुस्तीपुरतीच जागा मोकळी ठेवावी. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी आगीजवळ नेऊन जीव गमावल्याची उदाहरणे कमी नाहीत. रंगकामाबद्दल एवढेच म्हणता येते, की जुन्या गाडीला जुन्या छटा शोभतात आणि पुटी जितकी कमी तितके बरे.

मूळ गाडी आणि बदल : राजदूत जीटीएसचा मूळ सांगाडा हाती लागला, तर तो कापू नये. अशा गाड्या आता विरळ आहेत, एकदा कापलेला सांगाडा पुन्हा मूळ होत नाही आणि नवी गाडी बांधायला स्प्लेंडरचे भंगार हवे तितके उपलब्ध आहे. मूळ गाडीत बदल करायचाच असेल, तर तो बोल्टने बसणारा व पुन्हा काढता येणारा असावा. काढलेला प्रत्येक भाग खूण करून जपून ठेवावा, अगदी मोडका असला तरी, कारण नवा भाग घडवताना तोच नमुना म्हणून लागतो.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी-प्रमाणपत्रातील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. घरी बांधलेल्या नव्या गाडीला नमुना-चाचणीचे प्रमाणपत्र नसल्याने धुळे (एमएच १८), जळगाव (एमएच १९) किंवा नंदुरबार (एमएच ३९) येथील परिवहन कार्यालयात तिची सर्वसाधारण नोंदणी होऊ शकत नाही, म्हणून ती स्वतःच्या शेतात किंवा बंदिस्त आवारातच चालवावी. स्प्लेंडरचे इंजिन लावले म्हणून त्या स्प्लेंडरची नंबरप्लेट नव्या सांगाड्याला लावणे हा गुन्हा आहे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये वेगळी नोंदणी सुरू झाली. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि असे वाहन प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे व देखभाल अशा कामांपुरतेच रस्त्यावर आणता येते. सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी या सवलतीला अपात्र ठरते.

गाडी लहान दिसते म्हणून ती मुलांच्या हाती देण्याची पद्धत धोक्याची आहे. अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. भंगारातून इंजिन घेताना विक्रेत्याची सहीची पावती, मूळ गाडीच्या नोंदणी-प्रमाणपत्राची प्रत व इंजिन क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा या तिन्ही गोष्टी जपून ठेवाव्यात. चोरीच्या मालाची चौकशी निघाली, तर इंजिन कुठून आले हे याच कागदांनी दाखवता येते.