जॅक गळतो आणि जॅक बसतो, यात फरक आहे

"दादा, जॅक लीक आहे, रबरी सीलांचं नवं किट बसवून द्या." इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आमच्या शेडमध्ये कुणी ना कुणी ट्रॉली जॅक घरंगळत आणतो आणि हेच म्हणतो. मी विचारतो, तेल कुठून येतंय? "तेल नाही येत, गाडी खाली येते." अरे भिया, मग लीक कशाला म्हणतोस! मराठीत 'गळणं' आणि 'बसणं' अशी दोन सरळ क्रियापदं हाताशी असताना आपण दोन्ही दुखण्यांना एकच 'लीक' लावतो. मग बसणाऱ्या जॅकला गळणाऱ्याचं औषध मिळतं, आणि 'रिपेअर करून उपयोग नसतो, नवाच घ्यावा' असं ज्ञान सगळीकडे पसरतं.

गळणारा जॅक सगळ्यांना कळतो, म्हणून तो लवकर उरकतो. फरशीवर तेलाचा डाग, रॅम (तेलाच्या दाबाने सरकून वजन उचलणारा जाड दट्ट्या) ओला, नाहीतर दांडा मारताना पंपाच्या प्लंजरभोवती, म्हणजे दांड्यासोबत आत-बाहेर होणाऱ्या छोट्या दट्ट्याभोवती, तेलाची कड. म्हणजे तेल बाहेर येतंय. जॅक पुसून कोरडा करा, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, वीसेक वेळा पंप मारा आणि पहिला थेंब कुठे दिसतो ते बघा. रॅमच्या तोंडाशी दिसला तर रॅमचं सील, प्लंजरशी दिसला तर पंपाची ओ-रिंग. किट याच दुखण्यासाठी असतं. टाकून मोकळे व्हा.

यात एक खोटं गळणंही असतं. जॅक वर उचललेला असताना कुणीतरी जॅकची तेलाची टाकी काठोकाठ भरतो. जॅक खाली आला की रॅमखालचं तेल टाकीत परत येतं, तिथे जागा नसते, आणि ते भरण्याच्या रबरी बुचातून बाहेर पडतं. सील ठणठणीत असतात. तेल नेहमी जॅक पूर्ण खाली बसवूनच भरायचं, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, आणि वर थोडी हवा राहू द्यायची.

आता बसणारा जॅक. फरशी कोरडी, रॅम कोरडा, तेल पूर्ण, आणि गाडी उचलून चहा पिऊन येईपर्यंत ती दोन बोटं खाली. तेल बाहेर गेलेलं नाही. ते दाबाच्या बाजूने परत टाकीत गेलंय, जॅकच्या पोटातल्या पोटात. बाहेरची सीलं कितीही नवी टाका, हा रस्ता त्याने बंद होत नाही. हा रस्ता अडवतात ते छर्रे, म्हणजे सायकलच्या बेअरिंगमध्ये असतात तशा पोलादी गोळ्या. छर्रा आपल्या गोल बैठकीवर चपखल बसला की तेल अडतं. बैठकीवर केसाएवढा चरा किंवा कचऱ्याचा कण आला की तेल निसटतं.

केसाएवढ्याने एवढं काय होतं, असं वाटेल. बाटली जॅकचा, म्हणजे बाटलीसारख्या उभ्या जॅकचा, रॅम 25 मिलिमीटर व्यासाचा धरा आणि त्यावर 2 टन वजन. दर चौरस सेंटिमीटरला 400 किलोच्या वर दाब येतो. गाडीच्या टायरमध्ये तो सव्वादोन-अडीच असतो. त्या दाबाखाली तेल कुठली फट शोधणार नाही?

कुठला छर्रा गेलाय हे जॅक न उघडता बरंचसं सांगता येतं, आणि किटवाले नेमकं हेच सांगत नाहीत. गाडी थोडी उचला, खाली लोखंडी घोडी लावा म्हणजे काही झालं तरी गाडी तिच्यावर येईल, आणि मग दांड्याकडे लक्ष द्या. दांडा खाली दाबला की गाडी वर जाते आणि दांडा वर घेतला की तेवढीच खाली येते, किंवा दांडा आपोआप वर उसळतो? मग पंपाकडून रॅमकडे जाणाऱ्या वाटेवरचा छर्रा तेल परत पंपात सोडतोय. दांडा सहज खाली जातो, हाताला जोरच लागत नाही, गाडी उचलत नाही पण आहे तिथे राहते? मग टाकीतून तेल ओढणारा छर्रा धरत नाहीये, नाहीतर आत हवा आहे. आधी हवा काढा: रिलीज स्क्रू (गाडी खाली सोडायला सैल करतो तो) उघडा ठेवून, भरण्याचं बूच सैल करून, वजन नसताना दहा-पंधरा पूर्ण पंप. कित्येक 'मेलेले' जॅक एवढ्यावर उठून बसतात.

आणि दांडा निवांत पडून आहे, गाडी मात्र घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश, एकसारखी खाली येते? इथे पहिला संशय रिलीज व्हॉल्व्हवर, म्हणजे दांडा फिरवून बंद होणारा रिलीज स्क्रू आणि त्याखालचा छर्रा यांच्यावर. बसणाऱ्या जॅकांमध्ये माझ्याकडे येणारे जास्तीत जास्त हेच. आता दांड्याला पाइप घालून स्क्रू आणखी आवळू नका. नव्वद टक्के लोक हेच करतात आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. छर्रा कठीण पोलादाचा, बैठक त्याहून मऊ. पाइप घालून आवळलं की छर्रा बैठकीत तिरका खड्डा पाडतो. आज गाडी थांबते, महिन्याने अजिबात थांबत नाही.

त्याऐवजी आधी दांडा काढा आणि व्हॉल्व्हचं टोक थेट पक्कडीने फिरवून बंद करा. दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला जोड झिजला की हाताला स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण आत तो पाऊण फेराच फिरलेला असतो. पक्कडीने बंद केल्यावर जॅक बसायचा थांबला, तर व्हॉल्व्ह शाबूत आहे आणि तुमचं सगळं दुखणं त्या जोडात आहे.

रामबागेतल्या एका काकांचा जॅक आठवतो. दुसरीकडे दोनदा किट बदलून झालं होतं, तरी गाडी बसायचीच. रिलीज स्क्रू बाहेर काढला, चुंबकाने छर्रा उचलला, आणि खाली बैठकीच्या कडेला दोऱ्यासारखी पांढरी चिंधी चिकटलेली. टेफलॉन टेप! कुणीतरी तेल अडवायला नळाच्या आट्यांना गुंडाळतात तशी ती स्क्रूला गुंडाळली होती, आणि तिचाच तुकडा आत शिरला होता. चिंधी काढली, बैठक रॉकेलने धुतली, पुसली. नवा छर्रा ठेवण्याआधी जुन्यावर पितळी पंच ठेवून हातोडीची एकच हलकी टिचकी मारली, म्हणजे बैठकीची गोल कड पुन्हा एकसारखी होते. मग नवा छर्रा. खर्च झाला त्या एका छर्र्याचा. काका पंधरा मिनिटं खडूची रेघ मारून जॅककडे बघत बसले होते, गाडी काही हलली नाही. "मग आधीच्याने दोन किटं कशाला घेतली माझ्याकडून?" याचं उत्तर मी दिलं नाही.

कचरा येतो कुठून? बऱ्याचदा तेलातूनच. पावसाळ्यात शेडमध्ये उघड्यावर पडलेल्या जॅकचं तेल काढून बघा, पातळ चहासारखं दुधाळ निघालं तर त्यात पाणी आहे, आणि पाण्याने छर्र्यावर गंज धरतो. सगळं तेल बदला.

आणि बदलताना ब्रेक ऑइल घालू नका. 'दोन्ही हायड्रॉलिकच ना' म्हणत एका दुकानदाराने माझ्या स्वतःच्या जॅकमध्ये ते घातलं होतं. ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट 3 किंवा 4, ग्लायकॉल जातीचं असतं आणि त्याच्यासाठी ब्रेकची रबरं वेगळी बनवतात. जॅकची सीलं खनिज तेलासाठी बनवलेली असतात. माझ्या जॅकचं सील बाहेर काढलं तेव्हा भिजलेल्या बेदाण्यासारखं फुगून मऊ झालं होतं, नखाने तुटायचं. जॅकला हायड्रॉलिक ऑइलच लागतं, आणि ग्रेड पुस्तिकेत लिहिलेला असतो. 'लीक स्टॉप' म्हणून विकली जाणारी बाटली तर मी शेडमध्ये येऊच देत नाही. सीलाला फुगवून चार दिवस वेळ काढणं, याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

तर दुरुस्त करावा की नवा घ्यावा? बसणारा जॅक शक्यतो दुरुस्त करा, कारण दुखणं छोटं असतं. गळणाऱ्याचं रॅमवर ठरतं. रॅम पुसून त्यावरून नख फिरवा. चमकदार मुलाम्यावर नख कुठे अडकलं तर तो चरा प्रत्येक नवं सील कापत राहणार, मग किटवर पैसे घालू नका. वाकलेली भुजा, तडकलेलं जोडकाम, चिरलेलं बीड असेल तर एक क्षणही विचार न करता भंगारात. प्लॅस्टिकच्या पेटीत मिळणाऱ्या हलक्या 2 टनी जॅकांची सीलं सुटी मिळणं कठीण असतं, तिथे मी नवाच घ्यायला सांगतो. जुना जड बिडाचा जॅक असेल तर मात्र मी तो भंगारवाल्याला हात लावू देत नाही. किट आणि मजुरी मिळून नव्याच्या निम्म्यापर्यंत जात असेल, तरीही तोच.

ओव्हरलोडचा स्क्रू, ज्यावर बहुधा रंगाचा ठिपका किंवा टोपण असतं, त्याला कुणीही हात लावायचा नाही. जॅक जास्त उचलावा म्हणून तो आवळणाऱ्यांना मी जॅक परत देतो, दुरुस्त करून देत नाही.

सियागंजच्या बाजारात सील घ्यायला जाल तर जुनी ओ-रिंग दाखवून तिच्या मापाची नवी मागू नका. जुनी तेलात फुगलेली किंवा दबून चपटी झालेली असते. व्हर्नियरने ती बसते त्या खाचेची रुंदी, खोली आणि आतला व्यास घ्या, कागदावर लिहा आणि तो कागद दुकानात द्या. छर्रा मात्र जुनाच न्या, रुमालात गाठ मारून, कारण दुकानाच्या फरशीवर तो एकदा पडला की सापडत नाही.