विंडोजवर सुरू न होणारे लिनक्स कंटेनर

विंडोज संगणकावर डॉकरसारख्या साधनातून चालवलेला लिनक्स कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइल्स यांची वेगळी चालणारी पेटी) सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन क्षणात बंद पडतो, तेव्हा कारण शोधून दुरुस्ती करण्याची पद्धत. कंटेनरला स्वतःचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नसते, आणि विंडोजकडे लिनक्सचे कर्नल नाही. म्हणून मध्ये एक छोटे आभासी यंत्र चालते: आधी हायपर-व्ही या विंडोजच्या आभासी यंत्रांच्या प्रणालीवरचे, २०२० पासून बहुधा डब्ल्यूएसएल २ चे, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीचे. दोष संगणकात, या यंत्रात की कंटेनरमध्ये, हे पहिल्यांदा ठरवावे. अनेकजण घाईने डॉकर डेस्कटॉप काढून पुन्हा बसवतात. तसे करू नये. त्यात इमेजेस, म्हणजे कंटेनर ज्यांपासून बनतात ते साचे, तर जातातच, व्हॉल्यूममधला (कंटेनरचा डेटा टिकवून ठेवण्याच्या जागेतला) डेटाबेसही जातो.

‘हॅलो-वर्ल्ड’ ही डॉकरची चाचणीसाठीची छोटी इमेज चालवून पाहावी. ती चालली, तर खालचे दोन्ही थर ठीक आहेत. नाही चालली, तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर व्हर्च्युअलायझेशन ‘एनेबल्ड’ आहे का ते बघावे. नसल्यास बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन इंटेलच्या यंत्रावर व्हीटी-एक्स, एएमडीच्या यंत्रावर एसव्हीएम चालू करावे. विंडोजच्या फीचर्समध्ये ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ही चालू हवे. ‘नो मॅचिंग मॅनिफेस्ट फॉर विंडोज’ असा संदेश आला, तर डॉकर विंडोज कंटेनरच्या मोडमध्ये आहे. लिनक्सवर परत आणले की झाले.

हॅलो-वर्ल्ड चालते पण आपला कंटेनर पडतो, तेव्हा त्याचे लॉग (नोंदी) आणि एक्झिट कोड, म्हणजे बंद पडताना तो मागे ठेवतो तो आकडा, पाहावा. ० म्हणजे मुख्य प्रक्रिया काम संपवून थांबली. १३७ म्हणजे ती सक्तीने मारली गेली, बऱ्याचदा मेमरी अपुरी पडल्याने.

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. लॉगमध्ये ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येते आणि सुरुवातीची स्क्रिप्ट तर समोर, जागच्या जागी असते. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० क्रमांकांची दोन चिन्हे (‘सीआर’ आणि ‘एलएफ’) ठेवते, लिनक्स फक्त १०. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता, ‘बिन एसएच’, असतो. त्याला ते १३ चिकटले की कर्नल ‘एसएच’ नव्हे, तर ‘एसएच आणि १३’ अशा नावाचा प्रोग्राम शोधते. तो कुठेच नसतो. म्हणजे न सापडलेली फाइल स्क्रिप्ट नसून तिला चालवणारा प्रोग्राम असतो, आणि संदेश ते सांगत नाही. ही चिन्हे बहुतेक वेळा गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या ‘ऑटोसीआरएलएफ’ सेटिंगमुळे शिरतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात ‘सीआरएलएफ’ लिहिलेले दिसते. त्यावर क्लिक करून ‘एलएफ’ निवडावे, फाइल सेव्ह करावी आणि इमेज नव्याने बिल्ड करावी, कारण जुन्या इमेजमध्ये जुनीच स्क्रिप्ट असते. रेपॉझिटरीच्या (गिटमधल्या कोडच्या साठ्याच्या) ‘गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी ‘एलएफ’ची सक्ती केली, की टीममधल्या पुढच्या माणसाच्या लॅपटॉपवर तोच कंटेनर याच कारणाने पडत नाही.