डिमेन्शिया: चिडचिड, संशय आणि आंघोळीचा नकार घरी कसा हाताळावा
आमच्याकडून मदतनीस घेणाऱ्या पुण्यातल्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

आधी एक गोष्ट तपासा: वागणं किती दिवसांत बदललं? डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सहसा महिन्यामहिन्यांनी वाढतो. एक-दोन दिवसांत आरडाओरडा, गुंगी किंवा भास सुरू झाले, तर शरीरात काहीतरी बिनसलंय असं धरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा जंतुसंसर्ग, तीन-चार दिवस साफ न झालेलं पोट, कमी पडलेलं पाणी, कवळीखालची जखम, नवीन औषध, अशी कारणं नेहमी सापडतात. या वयात संसर्ग असला तरी ताप येतोच असं नाही. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन नावाचं औषध असतं, त्यानेही गोंधळ वाढतो. अशी गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका.

रोजचा त्रास असेल तर आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, काय केलं, कशाने शांत झाले. ‘आज फार त्रास दिला’ या नोंदीचा उपयोग नाही. ‘सकाळी ९:१०, नळ सोडल्यावर हात झटकला’ या नोंदीचा आहे, कारण त्यातून आवाजाची भीती कळते.

सगळ्यात जास्त भांडणं आंघोळीवरून होतात. माणसाला थंडी वाजते, कपडे काढायची लाज वाटते, आणि डोक्यावर अचानक पडणाऱ्या पाण्याचा अर्थ लागत नाही. म्हणून शॉवर नको, बादली आणि तांब्या घ्या. रुग्णाला आत आणण्यापूर्वीच पाणी भरून, विसण घालून, कोपराने तपासून ठेवा. स्टूल फरशीपेक्षा वेगळ्या रंगाचं आणि न घसरणारं हवं, पांढऱ्या फरशीवर पांढरं स्टूल त्यांना दिसतच नाही. काळं पायपुसणं मात्र उचला, ते खड्ड्यासारखं भासतं. ‘आंघोळ करायची का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं; ‘चला, पाणी काढलंय’ म्हणा. खांद्यांवर पंचा राहू द्या, सुरुवात पायांपासून करा, पंचा जिथे उचलाल तेवढाच भाग धुवा. त्यांच्या हातात ओला नॅपकिन द्या, हात गुंतलेले असले की ओढाताण कमी होते. डोकं वेगळ्या दिवशी धुवा. विरोध झाला तर थांबा आणि अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण आंघोळ पुरते. बाकी दिवशी तोंड, काखा, जांघा आणि बसायची जागा कोमट पाण्याने पुसून कोरडी केली तरी चालतं. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह घरच्यांचा असतो, आणि तो सोडलेला बरा.

‘माझे पैसे चोरले’ हा आरोप बहुतेकदा कामवाल्या ताईंवर किंवा सुनेवर येतो. वस्तू स्वतःच लपवून ठेवलेली असते आणि ती आठवण टिकलेली नसते, त्यामुळे ‘तुम्हीच ठेवलंत’ म्हणणं त्यांना खोटं वाटतं. ‘सापडत नाही का? चला, बघूया’ म्हणा आणि सोबत शोधा. गादीखाली, साड्यांच्या घडीत, तांदळाच्या डब्यात पाहा, कचरा टाकण्यापूर्वी डबाही चाळा. त्यांच्या पाकिटासारखंच दुसरं पाकीट घरात ठेवा, त्यात थोड्या नोटा असू द्या. दागिने लॉकरमध्ये हलवा. ताईंना आजाराची कल्पना आधीच द्या, नाहीतर त्या दुखावून काम सोडतात.

संध्याकाळी बेचैनी वाढते. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेपाचलाच सगळे दिवे लावा. चारनंतर चहा नको. ‘मला घरी जायचंय’ सुरू झालं की ‘हेच तुमचं घर’ असा वाद घालू नका. पेठेतला जुना वाडा कधीच पाडला गेला असेल, तरी ‘वाड्यात कोण कोण होतं?’ असं विचारा आणि बोलता बोलता जेवायला बसवा. गणपतीत ढोल-ताशांच्या वेळी खिडक्या लावून आतल्या खोलीत बसा. नातेवाइकांकडे हलवल्याने गोंधळ आणखी वाढू शकतो.

बाहेर निघून जाण्याची सवय असेल तर दाराला नजरेच्या वर जादा कडी लावा, पण आत एकटं ठेवून कुलूप कधीच लावू नका. फोन नंबर कपड्यांवर आतून शिवा, वॉचमनला फोटो द्या. नाहीसे झाले तर संडास, जिना, गच्ची, पार्किंग लगेच पाहा आणि तिथे नसतील तर ११२ ला फोन करा, वाट बघू नका.

शांत करायच्या गोळ्या हा शेवटचा उपाय. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत मनोविकारावरच्या या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला आहे. पक्षाघाताचाही धोका असतो. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात हॅलोपेरिडॉल या अशाच औषधाने अंग कडक होऊन प्रकृती गंभीर होऊ शकते. डोस डॉक्टरांनीच ठरवावा आणि तो कधी कमी करायचा हेही त्याच भेटीत विचारावं. मारहाण सुरू झाली तर हात धरू नका, दोन पावलं मागे सरका, सुरी-कात्री नजरेआड ठेवा, एकानेच हळू आवाजात बोला.

आमचे मदतनीस, म्हणजे मावशी किंवा मामा, पहिल्या दिवशी येतील तेव्हा एक कागद तयार ठेवा: घरी कोणत्या नावाने हाक मारतात, पूर्वी काय काम करायचे, चहा किती गोड लागतो, कोणत्या गोष्टीने घाबरतात, कोणतं भजन लावलं की बसून राहतात. वहीही त्यांच्याच हातात द्या.