‘देव नाही असे दिसते’: हे कोण म्हणतंय?

तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या लॅटिन ग्रंथात ‘विदेतुर क्वोद देउस नॉन सित’ असे वाक्य चक्क सापडते. अर्थ : ‘देव नाही असे दिसते.’ ते उचलून त्याच्या नावावर खपवणारा तोंडघशी पडणार. ‘विदेतुर क्वोद’ने (‘असे दिसते की’) सुरू होतो तो पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्यासाठी आधी मांडलेले विरोधी म्हणणे. इथे त्यात दोन आक्षेप आहेत : जगात वाईट आहे, आणि देवाला न आणताही जगातल्या गोष्टींची कारणे लागतात. मग ‘सेद कॉन्त्रा’, म्हणजे ‘पण याउलट’; इथे बायबलमधले एक वचन येते. लेखकाचे स्वतःचे म्हणणे ‘रेस्पोन्देओ दिचेन्दुम क्वोद’पासून (‘उत्तर देतो, म्हणायला हवे की’) सुरू होते. देवाच्या अस्तित्वाचे प्रसिद्ध पाच मार्ग तिथेच आहेत. ‘आद प्रिमुम’पासून (‘पहिल्याला’) एकेका आक्षेपाचा समाचार.

‘एस्त’ (आहे) ऐवजी ‘सित’ हे ‘असावा’सारखे संशयार्थी रूप आले, म्हणजे लेखक हात झटकतोय, असा कयास मोहक आहे. पण मध्ययुगीन लॅटिनात हे रूप सैलपणे वापरले जाई. तेव्हा क्रियापदावर विसंबू नये, परिच्छेदाचे पहिले शब्द पाहावेत.

त्या काळच्या वादसभेत उत्तर देणाऱ्याचे शब्दही मोजके : ‘कोन्चेदो’ (मान्य), ‘नेगो’ (अमान्य), ‘दिस्तिंग्वो’ (अर्थ वेगळे करतो). ‘माणूस मर्त्य आहे’ यावर तो म्हणेल : दिस्तिंग्वो, शरीरापुरते कोन्चेदो, आत्म्याबद्दल नेगो. सर्वांत धूर्त शब्द ‘त्रान्सेआत’, म्हणजे ‘असू दे, पुढे चला’. ही संमती नव्हे. भाषांतरात त्याचे ‘मान्य’ झाले, की सगळा युक्तिवाद उलटतो.

‘आस्सेर्तिओ’ (प्रतिपादन) हा शब्द मात्र ठाम. मूळ क्रियापद ‘आस्सेरेरे’. रोमन कायद्यात गुलाम ठरवलेल्या माणसाच्या स्वातंत्र्याचा दावा त्याच्या वतीने लढणारा तो ‘आस्सेर्तोर’. केवळ सांगणे नव्हे, तर हक्क सांगून त्यामागे उभे राहणे, असा या शब्दाचा रोख. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या 1517च्या 95 मुद्द्यांच्या शीर्षकात ‘दिस्पुतातिओ’ (वादचर्चा) आहे, म्हणजे ते चर्चेला ठेवलेले. 1520मध्ये पोपने त्याची 41 विधाने निषिद्ध ठरवली, तेव्हा त्यांच्या समर्थनार्थ लिहिलेल्या पुस्तकाचे नाव त्याने ‘आस्सेर्तिओ’ने सुरू केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री ल्यूथरवर तुटून पडला. त्याच्याही पुस्तकाच्या नावात पहिला शब्द ‘आस्सेर्तिओ’च.