ब्रेक लागतो आणि दगड पुढे पळतो

‘१३ एप्रिल २०२९, शुक्रवार, पृथ्वीचा शेवट!’ असा व्हिडिओ आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा फिरतोय. तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ, ही समजूत साहेबाच्या देशातली. कोल्हापुरात शुक्रवार अंबाबाईचा! शिवाय ज्याच्या टकरीची ही भीती, तो अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडे शनिवार लागलेला असेल, पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतील. बिंदू चौकात आंबेडकर जयंतीची लगबग चालू असेल.

अपोफिस सापडला २००४ मध्ये. आकार साधारण ३४० मीटर. २०२९ मध्ये तो जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, म्हणजे आपल्या टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. डिसेंबर २००४ मध्ये टकरीची शक्यता ३७ मध्ये १ निघाली होती. ती लवकरच मावळली, पण दुसरी धास्ती उरली. अवकाशात जेमतेम ६०० मीटर रुंदीची एक फट होती. २०२९ मध्ये नेमका त्या फटीतून गेला, तर पृथ्वीच्या ओढीनं कक्षा अशी वळणार की २०३६ मध्ये गाठ पडणार.

सहाशे मीटरचा हिशोब करायचा तर उन्हाचा धक्काही मोजावा लागतो, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. रंकाळ्याच्या काठावरचा काळा दगड बारापेक्षा तीन-साडेतीनला जास्त चटका देतो. लघुग्रहाचंही तसंच. त्याची ‘दुपारनंतरची’ बाजू जास्त उष्णता बाहेर फेकते आणि त्या फेकण्याचा बारीकसा उलटा धक्का त्याला बसतो. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. अपोफिस डगमगत, पण उलट्या दिशेनं गिरक्या घेतो. त्यामुळे त्याची तापलेली बाजू पुढे येते आणि धक्का मागे ढकलतो. म्हणजे ब्रेकच! पण सूर्याभोवती फिरणाऱ्याला ब्रेक लागला की तो आत सरकतो, आणि आतली फेरी लवकर संपते. अपोफिसची कक्षा वर्षाला २०० मीटरच्या आसपास आत येते. २०० मीटर आतली फेरी सव्वा किलोमीटरनं आखूड, शिवाय आत वेगही थोडा जास्त. दोन्ही धरून एका फेरीत जवळजवळ १.९ किलोमीटरची आघाडी. पुढच्या वर्षी कक्षा आणखी आत, आघाडी आणखी मोठी. ही बेरीज काळाच्या वर्गानं वाढते : दहापट काळ, शंभरपट आघाडी. पंचवीस वर्षांत शेकडो किलोमीटर! त्यापुढे सहाशे मीटरची फट ती काय?

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टोनच्या रडारनं १.७ कोटी किलोमीटरवरून त्याचा ठाव घेतला आणि पुढच्या शंभर वर्षांत टक्कर नाही, हे पक्कं झालं. २०३६ मध्ये तो ४ कोटी किलोमीटरच्याही पलीकडे असेल. २०५१ मध्ये सुमारे ६२ लाखांवर. व्हिडिओवाल्यांना २०२१ अजून उजाडलेलं नाही.

ऐन सव्वातीनला तो अटलांटिकवर असेल, त्यामुळे तो क्षण युरोप-आफ्रिकेचा; तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आपण १३ तारखेच्या रात्रीच दुर्बीण घेऊन बसायचं. या भेटीनंतर त्याची ३२४ दिवसांची फेरी सव्वाचारशेच्या आसपास जाईल. पृथ्वीच्या ओढीनं गिरक्याही बदलतील, आणि गिरकी बदलली की उन्हाचा धक्का पुन्हा नव्यानं मोजायचा. त्यासाठीच नासाचं ओसायरिस-एपेक्स यान त्याच्या मागावर आहे.