लायनरला क्रूझ म्हणू नका

जुन्या पिढीतलं कुणी 'बोटीने विलायतेला गेले' म्हटलं की ती बोट लायनर असायची. हल्ली शेजारचे 'क्रूझवर' जाऊन येतात ते जहाज वेगळं. दोन्ही जहाजं मजल्यांवर मजले चढवलेली, म्हणून सगळ्यांनाच सरसकट क्रूझ म्हणतात. टायटॅनिकलाही म्हणतात, तेव्हा मात्र राहवत नाही.

लायनर म्हणजे एस.टी.ची ठरलेली फेरी. समुद्र खवळलेला असो नसो, प्रवासी आणि टपाल घेऊन ठरल्या दिवशी पलीकडे पोचायचं. क्रूझ म्हणजे सहलीची बस. वादळ दिसलं तर वाट बदलते, आणि बहुतेकदा जिथून निघाली तिथेच परत येते.

या दोन्ही नोकऱ्या एकाच जहाजाने केल्या. 1962 साली ल आव्र या फ्रेंच बंदरातून न्यूयॉर्कला धावू लागलेली 'फ्रान्स' 315 मीटर लांब होती आणि पाच दिवसांत अटलांटिक ओलांडायची. लाटा कापायला नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब, निमुळती. पोहण्याचे तलाव छताखाली, कारण उत्तर अटलांटिकच्या गारठ्यात उघड्यावर कोण पोहणार? प्रवाशांच्या कुत्र्यांचीसुद्धा सोय होती: पाय वर करायला अमेरिकन कुत्र्यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यावर असतो तसा आग विझवायच्या पाण्याचा नळ, फ्रेंच कुत्र्यांना मैलाचा दगड!

पण प्रवासी जेट विमानांकडे वळले, तेल महागलं, फ्रेंच सरकारने अनुदान थांबवलं. 1974 मध्ये संतापलेल्या खलाशांनी जहाज ताब्यात घेऊन ल आव्रच्या तोंडाशीच अडवून धरलं. त्यानंतर ती जवळपास पाच वर्षं नुसती बांधून ठेवलेली होती.

1979 मध्ये ती नॉर्वेच्या कंपनीने घेतली, नाव झालं 'नॉर्वे', आणि पुढच्या वर्षी मायामीहून कॅरिबियन सहली सुरू झाल्या. आता घाई कुणाला होती? दोनपैकी एक इंजिनघर बंद केलं. डेकवर उन्हातला तलाव आला. पण तळ खोल पाण्यासाठी बांधलेला, छोट्या बेटांच्या धक्क्याला लागेना. मग पुढच्या डेकवर दोन मोठ्या होड्या चढवल्या आणि प्रवाशांची ने-आण त्यांतून होऊ लागली. खरी क्रूझ बांधतानाच उथळ तळाची बांधतात.

2006 मध्ये ती गुजरातच्या अलंगला किनाऱ्यावर चढवली आणि तिथे मोडली. नाळेचं टोक तेवढं कापून परत नेलं. 2009 मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला. आता ते ल आव्रच्या बंदरात उभं आहे.